पेग्माटाइटमधलं नवं खनिज: शंकेपासून मंजुरीपर्यंत

नोव्हेंबर २००२ मध्ये मादागास्करच्या मध्य भागात, अंबातोविता गावाजवळच्या साकावालाना पेग्माटाइटमध्ये (पेग्माटाइट म्हणजे शिलारसाच्या शेवटच्या उरलेल्या भागातून बनलेला, मोठ्या स्फटिकांचा खडक) एक पोकळी उघडली आणि तिच्यातून रासबेरीच्या रंगाचे चपटे, षटकोनी स्फटिक बाहेर आले. काही महिन्यांत ते अमेरिकेतल्या टूसानच्या रत्नबाजारात पोचले आणि लाल बेरिल (पन्ना ज्या खनिजाचा असतो तेच बेरिल) म्हणून विकलेही गेले. त्यात कुणाची लबाडी नव्हती. घडण बेरिलची, रंग मॉर्गनाइट या गुलाबी बेरिलपेक्षा थोडा गडद, आणि सोबतीला टुर्मलीन, स्पोड्युमीन अशी बेरिलचीच नेहमीची मंडळी. फक्त मोजलेले आकडे बेरिलच्या चौकटीत बसेनात. सप्टेंबर २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेने त्याला स्वतंत्र खनिज म्हणून मान्यता दिली आणि मिलानच्या निसर्गेतिहास संग्रहालयातले पेग्माटाइटचे अभ्यासक फेदेरिको पेझोटा यांच्यावरून त्याचं नाव पेझोटाइट ठेवलं गेलं.

हा लेख भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि दगड गोळा करणाऱ्या हौशी मंडळींसाठी आहे. पेग्माटाइटमधला एखादा दगड 'हे काहीतरी वेगळं आहे' असं वाटायला लावतो, तिथपासून नाव मिळेपर्यंतचा रस्ता त्यात सांगितला आहे. या रस्त्यावर नशिबाचा वाटा अगदी सुरुवातीला असतो. पुढे सगळी हिशेबाची कामं, आणि नवं खनिज बहुतेक वेळा हिशेब चुकतो तिथेच दडलेलं असतं.

कुठे शोधायचं

ग्रॅनाइटचा शिलारस थंड होत जातो तसे फेल्डस्पार, क्वार्ट्झ आणि अभ्रक तयार होतात. या खनिजांच्या जाळीत ज्यांना जागा मिळत नाही, ती मूलद्रव्यं उरलेल्या रसात साचत जातात: लिथियम, बेरिलियम, बोरॉन, सीझियम, टँटलम, नायोबियम, फॉस्फरस, फ्लोरीन, काही पेग्माटाइटमध्ये दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं आणि युरेनियम. पाणी आणि फ्लोरीन यांच्यामुळे हा रस पातळ राहतो आणि त्यात हातभर लांबीचे स्फटिकही वाढू शकतात. नव्या खनिजासाठी लागणारी विचित्र रासायनिक गर्दी इथे आयतीच जमलेली असते.

पण पेग्माटाइट सगळीकडे सारखा नसतो. काठापासून गाभ्यापर्यंत त्याचे पट्टे पडतात. काठाला बारीक दाण्यांचा, ग्रॅनाइटसारखाच भाग, मध्ये मोठ्या फेल्डस्पारचा, आणि गाभ्यात बऱ्याचदा निव्वळ क्वार्ट्झ. नवखा माणूस गाभ्यातल्या मोठ्या, देखण्या स्फटिकांकडे धावतो. माझा सल्ला उलटा आहे. गाभ्याच्या कडेला असलेल्या पोकळ्या बघा, पानांसारख्या पांढऱ्या अल्बाइट या फेल्डस्पारने जुन्या खनिजांची जागा घेतलेले भाग बघा, आणि तपकिरी-काळे, कुजल्यासारखे दिसणारे फॉस्फेटचे गोळे तर अजिबात सोडू नका. ट्रिफिलाइटसारखं एखादं फॉस्फेट गरम पाण्याने आणि हवेने बदलत गेलं की त्या एकाच गोळ्यात डझनभर दुय्यम खनिजं बनू शकतात. बव्हेरियातलं हागेनडॉर्फ, न्यू हँपशायरमधली पालेर्मो खाण, कनेटिकटमधलं ब्रँचव्हिल ही ठिकाणं अशाच फॉस्फेटांमुळे खनिजशास्त्रात गाजली. तिथली पुष्कळ खनिजं दिसायला अगदी सामान्य, मिलिमीटरभराची आहेत.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे थोडी निराशा पत्करावी लागेल. आपला बहुतेक मुलूख बेसाल्टचा, त्यामुळे आपल्याकडे झिओलाइट जगात नावाजलेले आणि पेग्माटाइट मात्र पूर्व विदर्भ, सिंधुदुर्ग अशा जुन्या खडकांच्या पट्ट्यांतच. खरा सराव करायचा तर आंध्रातला नेल्लोरचा अभ्रक पट्टा, झारखंडमधलं कोडरमा, राजस्थानातलं भीलवाडा, छत्तीसगडमधलं बस्तर. जुन्या अभ्रक खाणींबाहेरचे टाकाऊ दगडांचे ढीग हे शिकाऊ माणसाचं सगळ्यात चांगलं विद्यापीठ. जमीनमालकाची किंवा खाणपट्टा ज्याच्या नावावर आहे त्याची लेखी परवानगी घ्या. सोडून दिलेल्या खाणीच्या आत एकट्याने उतरू नका.

उचलताना

सुटा, स्वच्छ, सुंदर स्फटिक शास्त्राच्या दृष्टीने अर्धा निकामी असतो. तो कोणत्या पट्ट्यातून आला, कशाला चिकटला होता, कशाच्या आधी वाढला आणि कशाच्या नंतर, हे त्याच्याबरोबरच्या दगडात लिहिलेलं असतं. म्हणून मूळ दगडासकट उचला, जागेवर असतानाच फोटो काढा, अक्षांश-रेखांश नोंदवा आणि नमुन्याला तिथल्या तिथेच क्रमांक द्या. घरी आल्यावर आठवून लिहू म्हणाल तर दोन ढिगांचे दगड एकत्र होणारच.

आम्लाने धुण्याची घाई करू नका, कारण फॉस्फेटं आणि कार्बोनेटं त्यात विरघळून जातात. शक्य असेल तेव्हा एकाच ठिकाणचे अनेक तुकडे घ्या. पुढच्या चाचण्यांत काही तुकडे फुटतात, काही रेझिनमध्ये बसवून घासले जातात, आणि शेवटी संग्रहालयात ठेवायलाही काहीतरी उरावं लागतं.

दोन धोके सांगून ठेवतो. पेग्माटाइटमधली काळी, जड, काचेसारखी फुटणारी खनिजं बऱ्याचदा किरणोत्सारी असतात. साधा गायगर काउंटर जवळ असू द्या आणि असे दगड झोपायच्या खोलीत ठेवू नका. बेरिलियम असलेली खनिजं कोरडी घासणं किंवा दळणंही वाईट. ती धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते आणि क्वार्ट्झची धूळही काही कमी नाही. कापणं-घासणं पाण्याखाली करा, तोंडाला चांगला मास्क लावा.

घरच्या टेबलावरची चाळणी

दहापट भिंग, कठिनतेचे मोजके नमुने, कस (घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग) पाहायला बिनझिलईची पांढरी फरशी आणि पाण्यात तोलता येईल असा बारीक काटा, एवढ्यावर बहुतेक शंका मिटतात. मिटूच द्याव्यात. 'अनोळखी' म्हणून आणलेल्या दगडांपैकी जवळजवळ सगळे ओळखीचेच निघतात: मळकट अपेटाइट, रंग उडालेलं टुर्मलीन, टोपाझ, विचित्र फुटलेला फेल्डस्पार. अतिनील दिव्यावर फार विसंबू नका. एकाच खनिजाचे दोन नमुने त्यात वेगवेगळे चमकतात.

काट्याचा मान मात्र मोठा. बेरिलचं विशिष्ट गुरुत्व साधारण २.६ ते २.९. अंबातोविताच्या त्या गुलाबी खड्यांचं भरलं ३.१० च्या आसपास. अपवर्तनांकही (प्रकाश आत शिरताना किती वळतो त्याचं माप) १.६०७ ते १.६१९ या टापूत, म्हणजे बेरिलच्या नेहमीच्या आकड्यांच्या वर. ही दोन मापं रत्नपारख्याच्या टेबलावर मिळतात, त्यांना मोठी प्रयोगशाळा लागत नाही. दोन्ही एकाच दिशेने सरकलेली दिसली की आत काहीतरी जड बसलं आहे असा अंदाज करता येतो. तो अंदाज खरा होता, आत सीझियम होतं.

रसायन: बेरीज शंभर का भरत नाही

इथून पुढे विद्यापीठ किंवा संशोधन संस्थेतला जोडीदार लागतो. हौशी माणसाने लाजू नये, पण रिकाम्या हातानेही जाऊ नये. नीट नोंदवलेला नमुना, दोन-तीन मापं आणि 'हे अमुक का नाही' याचं एका पानाचं टिपण घेऊन गेलात तर दार उघडण्याची शक्यता कितीतरी वाढते.

पहिल्यांदा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली साधारण कल्पना घेतात, मग इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबवर नेमकं विश्लेषण. गुळगुळीत घासलेल्या, कार्बनचा थर दिलेल्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनचा मायक्रॉनभर रुंदीचा झोत सोडायचा आणि बाहेर पडणाऱ्या एक्स-रे किरणांवरून कोणतं मूलद्रव्य किती ते काढायचं. सोडियम आणि पाणी असलेली खनिजं झोताखाली तग धरत नाहीत. त्यांच्यासाठी झोत पसरट आणि सौम्य ठेवायला सांगा. एकाच ठिकाणी मोजून थांबू नका, दाण्याच्या मध्यापासून कडेपर्यंत ओळीने मोजा. पेग्माटाइटची खनिजं वाढता वाढता रसायन बदलतात, आणि कधी कधी नव्या खनिजाचं राज्य फक्त शेवटच्या पातळ थरापुरतं असतं.

पेग्माटाइटवाल्यांची खरी डोकेदुखी म्हणजे हलकी मूलद्रव्यं. मायक्रोप्रोबला लिथियम आणि हायड्रोजन दिसत नाहीत, बेरिलियम आणि बोरॉन दिसले तरी मोठ्या कष्टाने. पेझोटाइटच्या आदर्श सूत्रात एक सीझियम, दोन बेरिलियम, एक लिथियम, दोन ॲल्युमिनियम, सहा सिलिकॉन आणि अठरा ऑक्सिजन. ऑक्साइडांच्या रूपात मांडलं तर सिलिका ५३.९ टक्के, सीझियम ऑक्साइड २१.१, ॲल्युमिना १५.३, बेरिलियम ऑक्साइड ७.५ आणि लिथियम ऑक्साइड २.२. शेवटचे दोन प्रोबला नीट दिसत नाहीत म्हटल्यावर बेरीज नव्वदच्या आसपासच थांबणार. रात्री गल्ला मोजताना शंभर रुपयांचा हिशेब नव्वदवर आला तर चांगला दुकानदार वरचे दहा स्वतः घालून वही मिटत नाही, ते कुठे गेले ते शोधतो. इथेही तेच. 'राहिलेलं पाणी असेल' असं लिहून मोकळं होणं हा या धंद्यातला सगळ्यात मोठा मोह.

या मोहाला बळी न पडण्याचं जुनं उदाहरण एल्बा बेटावरचं आहे. १८४६ मध्ये खनिजशास्त्रज्ञ ऑगस्ट ब्राइटहाउप्टने तिथल्या पेग्माटाइटमधल्या दोन रंगहीन खनिजांना ग्रीक पुराणातल्या जुळ्या भावांवरून कॅस्टर आणि पोलक्स अशी नावं दिली. फ्रायबर्गच्या कार्ल फ्रीड्रिक प्लॅटनरने पोलक्सचं विश्लेषण केलं, तर बेरीज ९३ टक्क्यांच्या आत अडकली. त्याने ती तशीच प्रसिद्ध केली. नमुना संपून गेला होता, त्यामुळे पुन्हा करून पाहण्याची सोय नव्हती. बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी सीझियम शोधलं १८६० मध्ये. १८६४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ पिसानीने एल्बाच्या पोलक्समध्ये तेच सीझियम दाखवून दिलं: प्लॅटनरने त्याला पोटॅशियम आणि सोडियम समजून मोजलं होतं, आणि सीझियमचा अणू जड असल्यामुळे तितकीच तूट आली होती. आज ते खनिज पोल्युसाइट म्हणून ओळखलं जातं. दुसरा भाऊ कॅस्टर मात्र तपासाअंती आधीच माहीत असलेला पेटालाइट निघाला आणि त्याचं नाव यादीतून गेलं. जुळ्यांपैकी एक टिकला, हेही नवख्याने लक्षात ठेवण्यासारखं.

तूट भरून काढायला आज साधनं आहेत. लेझरने सूक्ष्म खड्डा पाडून ती वाफ मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये नेली की लिथियम, बेरिलियम, बोरॉन मोजता येतात. पेझोटाइटमधलं लिथियम असंच पकडलं गेलं. पाणी रेणूच्या रूपात आहे की हायड्रॉक्सिलच्या, ते रामन किंवा अवरक्त वर्णपटातून दिसतं. पेझोटाइटच्या रामन वर्णपटात ११०० प्रति सेंटीमीटरच्या आसपास जी पट्टी येते ती बेरिलमध्ये नसते, त्यामुळे नंतर रत्नपारख्यांना खडा न फोडता ओळखण्याची सोय झाली. लोह असेल तर ते दोन संयुजांचं (म्हणजे दोन धनभारांचं) की तीन, हे मॉसबॉअर पद्धतीने ठरवावं. कधी कधी याच एका गोष्टीवर खनिजाचं नाव बदलतं.

रचना

रसायन वेगळं म्हणून खनिज नवं ठरत नाही. मॉर्गनाइटच्या गुलाबी बेरिलमध्येही सीझियम सापडतं, पण ते बेरिलच राहतं. फरक कुठे पडतो ते अणूंच्या मांडणीत कळतं, आणि त्यासाठी एकस्फटिक एक्स-रे विवर्तन, म्हणजे एका स्फटिकावर एक्स-रे सोडून ते कसे विखुरतात यावरून मांडणी काढणं. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, निर्दोष कण पुरतो. तो शोधण्यात मात्र आख्खी दुपार जाऊ शकते.

बेरिलच्या एकक कोशाच्या, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या सगळ्यात छोट्या चौकटीच्या, दोन्ही बाजू साधारण ९.२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). पेझोटाइटचा कोश भरला १५.९५ आणि २७.८ अँगस्ट्रॉम. पहिला आकडा ९.२ गुणिले तीनचं वर्गमूळ, दुसरा ९.२ च्या तिप्पट. म्हणजे सांगाडा बेरिलचाच, पण आता नऊ जुन्या कोशांनंतर नक्षी पुन्हा सुरू होते. बेरिलमध्ये तीन बेरिलियमच्या ज्या जागा असतात, त्यांतल्या एका जागेवर इथे लिथियम बसलं आहे, आणि ते अस्ताव्यस्त नाही तर ठरावीक क्रमाने. लिथियमचा धनभार बेरिलियमपेक्षा एकाने कमी. ती उणीव भरायला स्फटिकातल्या पोकळ नळ्यांमध्ये सीझियम बसतं. या क्रमामुळे सममिती षटकोनी पद्धतीतून त्रिकोणी पद्धतीत उतरते. लिथियम कुठेही, कसंही विखुरलेलं असतं तर बेरिलचाच एक सीझियमयुक्त प्रकार म्हणून विषय संपला असता.

विवर्तनाच्या चित्रात असे जास्तीचे ठिपके फिके असतात. मोजणी उरकण्याच्या नादात यंत्राने सुचवलेला छोटा कोश मान्य केला की ते हातचे जातात. फिक्या ठिपक्यांकडे बघण्याचा हट्ट धरा.

काही पेग्माटाइट खनिजांमध्ये ठिपकेच मिळत नाहीत. युरेनियम-थोरियमच्या किरणोत्साराने कोट्यवधी वर्षांत आतली रचना मोडून काचेसारखी झालेली असते. स्टॉकहोमजवळच्या युटरबीचं गॅडोलिनाइट याच वर्गातलं. १७८७ मध्ये अरेनियस या लष्करी अधिकाऱ्याला तिथे तो काळा, जड दगड सापडला आणि १७९४ मध्ये योहान गॅडोलिनने त्यातून नवी 'मृदा', म्हणजे तोवर अनोळखी धातूचं ऑक्साइड, वेगळी केली. असं खनिज तापवून पुन्हा स्फटिकरूप करता येतं, पण तापवल्यावर मिळालेली रचना हीच मूळची होती, हे पटवून द्यावं लागतं. पहिल्याच प्रयत्नात अशा खनिजाच्या वाटेला न गेलेलं बरं.

नवं की जुन्याचाच प्रकार

मान्य खनिजांची यादी आता सहा हजारांवर गेली आहे. आधी त्या अधिकृत यादीत सूत्र आणि कोश दोन्ही ताडून पाहा. मग वर्चस्वाचा नियम लावा: रचनेतल्या एखाद्या जागेवर ज्याचं प्रमाण सगळ्यात जास्त, त्याच्या नावाने खनिज ठरतं.

टुर्मलीन हे याचं उत्तम उदाहरण. ब्राझीलच्या मिनास जेराइसमधल्या क्रूझेइरो खाणीतलं टुर्मलीन रंगाने आणि आकाराने एल्बाइटसारखं. पण ज्या जागी एल्बाइटमध्ये हायड्रॉक्सिलचं वर्चस्व असतं तिथे फ्लोरीन पुढे गेलेलं आढळलं, आणि फ्लोर-एल्बाइट ही वेगळी जात झाली. चेक प्रदेशातल्या रोझना इथल्या रोसमनाइटमध्ये तर सोडियमच्या जागेवर रिकामेपणाचं वर्चस्व आहे; ती जागा बहुतांशी मोकळी म्हणून खनिज वेगळं. हे थोडं वकिली वाटतं, मलाही वाटतं. पण रंगावरून नावं देण्याच्या काळात जो गोंधळ होता त्यापेक्षा हे नक्कीच बरं.

आकड्यांची उलटतपासणी

प्रस्ताव लिहिण्याआधी तुमचेच आकडे एकमेकांसमोर उभे करा. सूत्र आणि कोशाच्या आकारमानावरून घनता काढता येते. पेझोटाइटच्या आदर्श सूत्राचं रेणूभारमान ६६८.३, कोशात अशी अठरा सूत्रं, आकारमान सुमारे ६१२० घन अँगस्ट्रॉम. घनता येते ३.२६. पण मोजलेली होती ३.१०. चूक नाही, खऱ्या खड्यांत सीझियम आदर्शापेक्षा कमी असतं आणि काही जागा सोडियमने घेतलेल्या किंवा मोकळ्या असतात. म्हणून घनता नेहमी स्वतःच्या नमुन्याच्या मोजलेल्या रसायनावरून काढायची, पुस्तकी सूत्रावरून नाही.

दुसरी ताडणी ग्लॅडस्टन-डेल नियमाची. रसायन, घनता आणि सरासरी अपवर्तनांक यांचा आपसातला मेळ त्यातून निघतो. फरक ०.०२० च्या आत असेल तर मेळ सर्वोत्तम, ०.०८० च्या घरात गेला तर तिन्हींपैकी एक माप खोटं बोलतंय असं समजा आणि पुन्हा मोजा. मतदान करणारे सदस्य हा आकडा हमखास बघतात.

प्रस्ताव, नाव आणि मतदान

संघटनेच्या नव्या खनिजांसाठीच्या आयोगाचा ठरलेला तक्ता असतो. त्यात सापडल्याचं ठिकाण, सोबतची खनिजं, रंग, कस, चकाकी, कठिनता, पाटन (ठरावीक पातळ्यांवर फुटण्याची सवय), घनता, प्रकाशीय गुणधर्म, रसायन, चूर्ण विवर्तनाच्या रेषा, रचना आणि जवळच्या खनिजांशी तुलना, सगळं भरायचं. एखादा गुणधर्म कण फार बारीक असल्यामुळे मोजता आला नसेल तर तसं कारणासह लिहा. मंजुरी येईपर्यंत नाव किंवा वर्णन जाहीर करू नका. समाजमाध्यमांवर तर नाहीच.

स्वतःचं नाव स्वतःच्या खनिजाला देता येत नाही. हयात व्यक्तीचं द्यायचं तर तिची संमती लागते. ठिकाणाचं नाव निवडलंत तर तिथल्या लोकांच्या उच्चाराला धरून लिहा. सदस्य साधारण दोन महिन्यांत मतं देतात आणि मंजुरीला दोन तृतीयांश बहुमत लागतं. आक्षेप आले की चिडू नका. बहुतेक आक्षेप लिथियम, पाणी किंवा लोहाच्या संयुजेवरच असतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतात.

मूळ नमुना सार्वजनिक संग्रहालयात जमा करणं बंधनकारक आहे. चाचणीत वापरलेला तोच तुकडा, त्याचे घासलेले कण आणि विवर्तनाला लावलेला स्फटिक एकत्र द्या. पुढे कुणाला शंका आली तर ती याच दगडावर तपासली जाईल. अशी शंका पुण्याच्या वाट्यालाही आलेली आहे: १८३१ मध्ये पुण्याकडच्या एका झिओलाइटला 'पूनाह्लाइट' म्हणून वेगळं खनिज ठरवलं गेलं होतं, नंतर ते मेसोलाइटच निघालं.

मंजुरीनंतर दोन वर्षांच्या आत पूर्ण वर्णन शोधनिबंधात छापून यायला हवं. छापताना चूर्ण विवर्तनाचा तक्ता आणि रामन वर्णपट न चुकता द्या, कारण बाकीचे लोक आपल्या कपाटातले जुने नमुने त्यावरूनच तपासतात. पेझोटाइट जाहीर झाल्यावर अफगाणिस्तान आणि म्यानमारमधल्या काही गुलाबी 'बेरिल'च्या चिठ्ठ्या अशाच बदलाव्या लागल्या.